अर्जेंटिनात कुंपणावर दिसलेला लाल छातीचा पक्षी दुर्मीळ पंपास मेडोलार्क असेल का?

बाहिया ब्लांकाजवळ नांगरलेल्या शेताच्या कुंपणावर तुम्हाला लाल छातीचा, पांढऱ्या भुवईचा पक्षी दिसला आणि तो उडाला तेव्हा पंखाखाली पांढुरकं चमकलं, असं तुम्ही लिहिलंय. हे पांढुरकं तुम्ही टिपलंत ते फार बरं झालं, कारण निकाल त्यावरच लागतो. माझ्या मते तो लांब शेपटीचा मेडोलार्क आहे, पंपास मेडोलार्क नाही.

पंपास मेडोलार्कचा पंख आतून काळा असतो, लांब शेपटीच्याचा पांढुरका. तो थोडा लहान, आखूड चोचीचा आणि जास्त काळपट असतो हेही खरं. पण एकटाच पक्षी समोर असेल तर लहान म्हणायचं ते कुणाच्या मानाने? म्हणून बसलेल्या पक्ष्याच्या फोटोवरून मी त्याचं नाव घेत नाही, मादी असेल तर मुळीच नाही. हिवाळ्यात दक्षिणेकडचे लांब शेपटीचे मेडोलार्क उत्तरेला सरकतात, तेव्हा तर दुप्पट सावध राहावं लागतं. तिथे लाल छातीचा तिसराही एक आहे, पांढऱ्या भुवईचा मेडोलार्क. पण त्याच्या नराची पांढरी रेघ डोळ्यामागेच असते. चोच आणि डोळा यांमधला लाल ठिपका त्याला नसतो.

जागाही खूप सांगते. पंपास मेडोलार्क घरटं जमिनीवर करतो, तेही न नांगरलेल्या मूळच्या गवतात. एके काळी तो दक्षिण ब्राझीलपासून अर्जेंटिनापर्यंत होता. कुरणं मोडून गहू आणि इतर पिकं आली, तसा तो मागे हटत गेला. आता बहुतेक पक्षी ब्वेनोस आयरेस प्रांताच्या नैर्ऋत्य भागात उरलेत, थोडे उरुग्वेत. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत तो ‘असुरक्षित’ वर्गात आहे. म्हणूनच चुकीच्या नोंदीची मला धास्ती वाटते: नांगरलेल्या शेतातल्या नेहमीच्या पक्ष्याला हे नाव लागलं, की याला शेतंही चालतात असा समज होतो आणि उरलेलं गवत वाचवायची निकड कमी भासते.

तुम्ही अजून तिथेच असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुन्या कुरणांकडे जा. पंपास मेडोलार्कचा नर हवेत चढून गात गात खाली उतरतो. लांब शेपटीचा मेडोलार्क बहुतेकदा बसूनच गातो. नर हवेत असतानाच, पंख उघडे असताना फोटो घ्या आणि ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना पंखाच्या आतल्या बाजूचा रंग आवर्जून लिहा.