रियाधचं ४५ की दुबईचं ४०?

तुझा प्रश्न वाचला आणि खरं तर दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो, पण नाही जमलं. सातपूरची नोकरी सोडतोयस, रियाध आणि दुबई अशा दोन ऑफर हातात आहेत, बायको आणि दुसरीतला मुलगा मागून येणार, आणि तू विचारतोयस की दादा, रियाधचं ४५ डिग्री ऊन जास्त वाईट की दुबईचं ४०, नाशिकच्या माणसाला काय झेपेल. मी दोन्ही बघितलंय. आधी रियाध, मग शारजात घर आणि दुबईत ऑफिस, अजून तिथेच आहे. व्हिसा, मेडिकल, ग्रॅच्युइटी यातलं काही सांगत नाही, ते सगळं सरकारी साइटवर आहे आणि तुझा एजंट पण सांगेल.

इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना एका ठिकाणी शर्ट पाठीला चिकटायला लागतो, ती जागा तुला माहितीच असेल. तर रियाध घाटाच्या वर, कोरडं, आणि दुबई घाटाच्या खाली, दमट. रियाधची उंची पण साधारण नाशिकएवढीच, ६०० मीटरच्या आसपास, आणि दम्मामचा समुद्र तिथून रस्त्याने ४०० किलोमीटर. त्यामुळे तिथलं ऊन म्हणजे मालेगावचा मे महिना, फक्त तो जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत संपत नाही आणि मधे पाऊस येत नाही.

आकड्यांचं बोलायचं तर तू चुकीचा आकडा बघतोयस. टेम्परेचर सोड, मोबाइलच्या ॲपमध्ये ड्यू पॉइंट म्हणून असतो तो बघायला लाग, आपल्या भूगोलाच्या पुस्तकात दवबिंदू होता तोच. ह्युमिडिटीचे टक्के फसवतात, कारण टेम्परेचर बदललं की तेही बदलतात, दवबिंदू म्हणजे हवेत पाणी खरंच किती आहे त्याचा आकडा. मे महिन्यात मुंबईत तो २५ च्या आसपास असतो, म्हणून तिथे ३४ डिग्रीला पण जीव नकोसा होतो. दुबईत ऑगस्टमध्ये २८-३० होतो. रियाधला जुलैत पाचच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. घाम वाळला तर अंग गार होतं, नुसता ओघळला तर काही होत नाही, एवढंच शास्त्र आहे त्यात.

आता यातला धोका दोन्हीकडे वेगळा आहे. रियाधला घाम आलाय हे कळतच नाही, येतो तसा वाळतो, संध्याकाळी काळ्या शर्टावर पाठीशी मिठाची पांढरी रेघ दिसते तेव्हा समजतं. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, नाहीतर मुतखडा ठरलेला. रात्री झोपताना नाकात खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, नाहीतर सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके, मुलांना तर हमखास. ओठ फुटतात, टाचा फुटतात, गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो, उन्हाचा नाही, करंटचा. आणि ४५ मध्ये पंखा लावलास तर तो गरम हवाच अंगावर मारतो. पण कूलर तिथे मस्त चालतो, आपल्या वाळ्याच्या ताट्यांसारखंच काम.

दुबईत कूलर म्हणजे बाथरूममध्ये अजून वाफ सोडण्यातला प्रकार. इमारतीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा, पुसला तरी परत पांढरा, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पण वाफ. काखेत, मांड्यांत घामोळं, बुटांना बुरशी, पापड-चिवडा तासाभरात मऊ. समुद्रात डुंबू म्हणशील तर ऑगस्टमध्ये त्याचं पाणीच ३३-३४ डिग्री असतं. नळाचं पाणी टाकीत तापलेलं असतं (हे रियाधला पण आहे), म्हणून सगळे उन्हाळ्यात गिझर बंद करून टाकतात आणि गिझरमधलं पाणी गार म्हणून वापरतात, हे तुला पहिल्या आठवड्यात शेजारी सांगेलच. भाड्याचं घर बघताना चिलरचं, म्हणजे इमारतीच्या सेंट्रल एसीचं, बिल कोण भरतं ते आधी विचार, काही इमारतींत ते विजेच्या बिलापेक्षा वेगळं येतं.

हो, आणि ऑफर लेटरवर शहर कुठलं आहे ते नीट वाच. सौदी म्हणजे कोरडं असं धरू नकोस. जेद्दा, दम्माम, जुबैल ही सगळी घाटाखालची. दम्मामला लागून असलेल्या धाहरानला ८ जुलै २००३ ला दवबिंदू ३५ नोंदला गेला होता, हवा ४२ असताना. काही कंपन्या ऑफिस रियाध लिहितात आणि माणूस जुबैलच्या साइटवर पाठवतात. साइटचं काम असेल तर दोन्ही देशांत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी उघड्यावर काम बंद असतं, सौदीत १२ ते ३, इकडे साडेबारा ते ३. नियम चांगलाच आहे. पण तो उन्हाचा आहे, दमटपणाचा नाही. इकडे पहाटे सहाला साइटवर उभा राहशील तेव्हा ऊन नसतं पण बनियन पिळून काढावं लागतं.

एकटेपणाचं पण विचारलंयस. येतो आणि जातो. सगळ्यांना येतो, त्याचं एवढं काही नाही.

मला यात जे सांगायचंय ते वेगळं आहे. दुपारचं काय, दुपारी तू नाशिकला तरी कुठे बाहेर असतोस, दुपारी सगळीकडे माणूस छताखालीच असतो. फरक संध्याकाळचा आहे. रियाधला रात्री नऊला पण ३७-३८ असतं, पण चटई टाकून बसता येतं. आम्ही गुरुवारी रात्री चार-पाच घरं मिळून पार्कात बसायचो, एक निफाडचा होता, एक जळगावचा, डब्यात भरीत, पोरं एक वाजेपर्यंत सायकली फिरवायची, आणि ऑक्टोबरनंतर तर काय विचारूच नकोस, जानेवारीत शेकोटी लागते. इकडे भर उन्हाळ्यात रात्री पण पारा तिशीच्या फारसा खाली येत नाही, आणि संध्याकाळी समुद्राकडून वारा आला की दमटपणा उलट वाढतो. मग माणसं बाहेर बसतच नाहीत, मॉलमध्ये भेटतात. मॉलमध्ये भेटलं की एक तर खरेदी नाहीतर कॉफी, आणि तासाभरात आपण निघतो. इतकी वर्षं झाली, इथे मित्र किती म्हणशील तर भरपूर. पण ज्याच्याकडे न विचारता जाऊन बसावं असं एकही घर नाही, आणि हे मी हवामानावर ढकलतोय असं तुला वाटेल तर वाटू दे.

माझ्या बायकोला विचारशील तर ती बरोबर उलटं सांगेल. तिला रियाध म्हटलं की अजून कपाळावर आठी येते. आम्ही होतो तेव्हा बायकांना गाडी चालवता येत नव्हती, ती परवानगी २०१८ च्या जूनमध्ये मिळाली, तोवर आम्ही निघालेलो. कोथिंबीर आणायला पण माझी वाट बघायची. तिला शारजा आवडतं, दमट तर दमट, स्वतः बस पकडते, मैत्रिणी आहेत, नोकरी पण आहे. आता रियाध खूप बदललंय म्हणतात, मेट्रो पण झाली, त्यामुळे तिचं मत आजच्या रियाधला लागू नाही. तरी तुझ्या बायकोला विचार, आणि तू समोर नसताना तिच्या बहिणीकरवी विचार.

आम्ही रियाध सोडलं ते उन्हामुळे नाही, डिपेंडंट फीमुळे, म्हणजे बरोबर राहणाऱ्या बायको-मुलांमागे सरकारला भरायची फी. २०१७ च्या जुलैत माणशी महिना १०० रियालने सुरू झाली, दरवर्षी १०० वाढत २०२० ला ४०० झाली. ही रक्कम कंपनी देणार की तू, हे लेखी घे.

मुलाची शाळा. यावर मी जास्त लिहीन, माफ कर. इकडच्या इंडियन शाळांना वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं पण मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टला, कारण तेव्हा उष्मा कडक. आणि आपल्याकडे त्याच वेळी शाळा भरलेल्या. म्हणजे आमचा पोरगा नाशिकला पोचायचा तेव्हा त्याची आत्येभावंडं सकाळीच युनिफॉर्म घालून रिक्षात बसून गेलेली असायची, आणि हा दिवसभर इंदिरानगरच्या घरात आजीबरोबर पाऊस बघत टीव्हीसमोर. आंब्याचा मे त्याला माहीतच नाही. आमरस खायचा तो डब्यातला. कझिन लोकांशी त्याचं नातं कधी जमलंच नाही, आता मोठा झालाय, लग्नकार्यात भेटले की हाय-हॅलो. तिकिटं पण त्याच दिवसांत सगळ्यात महाग. आणि त्या शाळेचं मैदान मेपासून ऑक्टोबरपर्यंत कुलूपबंद, पीटीचा तास वर्गात, आणि वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात काय शेरा, तर मुलाने मैदानी खेळात अधिक भाग घ्यावा. मी ते घेऊन शाळेत गेलो होतो. बाईंनी शांतपणे सांगितलं की सर, सगळ्यांना तोच शेरा आहे. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

कागदपत्रांत एकच सांगतो. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, बायकोच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आणि मुलाच्या जन्मदाखल्यात नावाचा रकानाच कोरा, हे आपल्याकडे घरोघरी असतं आणि आपल्याला त्यात काही वाटत नाही. तिकडच्या काउंटरवर ही सहा वेगळी माणसं होतात. माझी बायको-मुलगा एका रकान्यापायी अख्खा उन्हाळा नाशिकला अडकले, एका कार्यालयात साहेब सुट्टीवर, दुसरीकडे सर्व्हर डाउन. तू आत्ताच सीबीएसला (नाशिकच्या बसस्टँडजवळ) कोर्टाबाहेर नोटरी गाठून नावांचं ॲफिडेव्हिट करून घे, आणि जन्मदाखल्यात मुलाचं नाव घालून इंग्रजी प्रत काढ.

आणि तुझ्या जागी मी असतो तर रियाध घेतलं असतं, एवढं सगळं लिहून माझं मत तेच आहे. बायको बाजूला बसून नाही म्हणतेय. काहीही घेतलंस तरी वार्षिक रजा कधी मिळणार ते एचआरला विचार आणि मुलाची मेमध्ये शाळा बुडवून पंधरा दिवस आणता येईल का ते शाळेला ॲडमिशनच्या आधी विचार, नंतर कोणी ऐकत नाही.