गाडी जुनी, टायर नवे : माप कुठलं घ्यायचं?

प्रश्न : ताई, माझी गाडी २५ वर्षांची आहे आणि मी तिचा तिसरा मालक. टायर गुळगुळीत झालेत, आता बदलायलाच हवेत. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर १५५/८० आर १३ असं माप आहे, पण गाडीला सध्या १६५/८० आर १३ बसवलेत. स्टिकरवरचं माप मला कुठे मिळत नाही. एक दुकानदार म्हणतो, १७५/६० आर १३ घाला. टायर रुंद, पकड वाढेल, गाडी दिसेलही छान. मित्राचा आग्रह आहे की रिमसकट १४ इंचावर जा. दोघांच्या मध्ये माझी पंचाईत झाली आहे. काय करू?

उत्तर : गाडीला आज जे टायर आहेत, त्यांना प्रमाण मानू नका. आधीच्या मालकाला जे मिळाले ते त्याने घातले असतील. स्टिकर किंवा गाडीचं मॅन्युअल, हिशोब तिथूनच सुरू करायचा.

कागद घ्या. १५५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिमी. ती रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून २४८. त्यात १३ इंची रिमचे ३३० मिळवले की टायरची पूर्ण उंची ५७८ मिमी. तुमच्या गाडीचे गिअर, स्पीडोमीटर, मडगार्डखालची जागा, सगळं या ५७८ वर बेतलेलं आहे. म्हणून मी रुंदीच्या आधी हा आकडा बघते, आणि फरक २ टक्क्यांच्या आत असेल तरच पुढचं बोलते.

मापाच्या शेजारी आणखी एक छोटा आकडा छापलेला असतो, त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. उदाहरणार्थ ‘७९ टी’. ७९ हा वजनाचा कोड, म्हणजे एक टायर ४३७ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंत. मूळ टायरपेक्षा हे कोड वरचे चालतात, खालचे नाही. अक्षरं काळ्यावर काळी असतात, वाचता येत नसतील तर त्यांच्यावरून खडू फिरवा, लगेच उठून दिसतात.

आता दुकानदाराचा १७५/६० बघू. त्याची उंची येते ५४०. मूळ मापापेक्षा तब्बल ३८ मिमी कमी. गाडी १९ मिमी खाली बसेल, म्हणजे गतिरोधकावर पोट घासायची भीती वाढली. काटा १०० दाखवेल तेव्हा त्याच हिशोबाने गाडी ९३ वर असेल आणि इंजिन तेवढ्याच अंतरासाठी जास्त फेरे मारेल. हे सगळं एक वेळ सोडा. हा टायर साधारणपणे ७७ कोडचा येतो, म्हणजे ४१२ किलोचा. प्रत्येक चाकाला २५ किलो ताकद कमी! मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असताना कमी पडलेला तो जोर कुठून आणणार? मला राग येतो तो याच गोष्टीचा. गिऱ्हाइकाला रुंदी दाखवतात, वजनाचा कोड दाखवत नाहीत. आणि ‘रुंद म्हणजे पकड जास्त’ हेही सरसकट खरं नाही. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंदापेक्षा लवकर तरंगतो.

सध्याचे १६५/८० वजनाला दणकट आहेत, पण उंची ५९४, म्हणजे २.८ टक्के जास्त. काटा खऱ्या वेगापेक्षा मागे राहायला लागतो, ते मला आवडत नाही. शिवाय एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या मडगार्डच्या आत टॉर्च मारा. मळकट प्लास्टिकवर किंवा पत्र्यावर एखादा अर्धगोल पट्टा घासून चकचकीत झालेला दिसला, तर टायर तिथे लागतो आहे. रिकाम्या गाडीत आवाज येत नाही. माणसं बसली आणि वळणात खड्डा आला की येतो.

तुमच्या जागी मी असते तर १७५/७० आर १३ घेतला असता. उंची ५७५, फरक फक्त ३ मिमी, अर्धा टक्का. वजनाचा कोड सहसा ८२, म्हणजे ४७५ किलो. स्टिअरिंग थोडं जड लागेल, तेवढं सोसा. मात्र आधी रिम बघा. रिमच्या आतल्या बाजूला, तारेच्या ब्रशने गंज काढला की ‘४.५ जे × १३’ असा शिक्का सापडतो. साडेचार इंची रिमवर हा टायर बसतो, चार इंचीवर नाही. हा टायर मूळ मापापेक्षा २० मिमी जास्त रुंद आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना १० मिमी वाढले, आणि आतल्या बाजूला सस्पेन्शन आहे. म्हणून चार टायरचे पैसे देण्याआधी पुढे एकच चढवून घ्या, गाडी जॅकवरून खाली उतरवा, चार माणसं बसवा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठेच लागत नाही असं दिसलं की बाकीचे घ्या.

जुन्या गाडीच्या बाबतीत ट्यूबचंही विचारून घ्या. ट्यूबलेससाठी रिमच्या कडेला आतून एक उंचवटा असतो, जो टायरची कड धरून ठेवतो. काही जुन्या रिमना तो नसतो. अशा रिमवर ट्यूबशिवाय टायर चढवला आणि हवा कमी असताना जोरात वळण घेतलं, तर कड आत सरकून हवा एका झटक्यात जाते.

मित्राच्या १४ इंचाबद्दल : १६५/७० आर १४ ची उंची ५८७, फरक दीड टक्का, हिशोबात बसतं. पण मग नव्या रिमच्या बोल्टची जागा, मधलं भोक, रिम बाहेर किती येते, सगळंच जुळायला हवं. रिम बाहेर आली की बेअरिंगवर ताण येतो. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीने १४ इंच दिले असतील, तर ती रिम आणि तेच माप जसंच्या तसं घ्या. नाहीतर या भानगडीत पडू नका.

प्रश्न : नात्यातल्या एकांकडे माझ्या गाडीच्या अचूक मापाचे चार टायर पडून आहेत, एकदाही न वापरलेले. घेऊ का?

उत्तर : तारीख वाचल्याशिवाय नको. टायरच्या बाजूला ‘डॉट’ने सुरू होणारी अक्षरांची ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतील. ३४१२ म्हणजे २०१२ चा ३४ वा आठवडा. एका बाजूला आकडे दिसले नाहीत तर दुसरी बाजू बघा. तीनच आकडे असले तर टायर २००० सालाच्या आधीचा, तो सरळ भंगारात. रबर न वापरताही कडक होतं. नक्षी नवीकोरी दिसते, पण खाचांच्या तळाशी बारीक तडे गेलेले असतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी थांबत नाही. दहा वर्षांच्या पुढचा टायर मी कुणालाही चढवू देत नाही, मग तो कितीही जपून ठेवलेला असो. आणि हाच आकडा तुमच्या स्टेपनीवरही वाचा. जुन्या गाडीत पुष्कळदा सगळ्यात म्हातारा टायर डिकीत असतो.