घोड्याच्या तिसऱ्या पापणीवरची गाठ

एकाच डोळ्यातून सतत पाणी किंवा चिकट घाण येत असेल, तर ‘डोळे आलेत’ समजून स्टेरॉइडचे थेंब घालू नका. बुबुळावर जखम असली तर ती चिघळते, डोळाच जातो. वरच्या पापणीवरून डोळा बोटाने हलकेच आत दाबा. आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी, म्हणजे एरवी तिथे दडलेला पातळ पडदा, वर सरकेल. तिची कड गुलाबी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत दिसली, तर डॉक्टरांकडून तुकडा तपासून घ्याच. पापण्यांची कातडी गुलाबी, रंगहीन असलेल्या घोड्यांना उन्हामुळे अशा गाठीचा, म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या कर्करोगाचा धोका जास्त. हाफलिंगर जातीत तो आनुवंशिकही आहे. गाठ लहान असेल तर घोडा उभा ठेवूनच, गुंगी आणि स्थानिक भूल देऊन, तिसरी पापणी मुळापासून काढता येते. नुसती कड छाटली तर गाठ परत उगवण्याची भीती फार. पुढे कर्करोग पसरला का हे कळण्यासाठी जबड्याखालच्या लसिका गाठी चाचपत राहा आणि अतिनील किरण अडवणारा मास्क लावा.