जरासंध नावातली ‘जरा’ कोण?

प्रश्न: जरा म्हणजे म्हातारपण ना? मग जरासंध असं नाव कोण कशाला ठेवेल?

उत्तर: इथली जरा म्हणजे एक राक्षसी हो. महाभारतात सभापर्वात गोष्ट आहे, मगधचा राजा बृहद्रथ, त्याला मूलबाळ नव्हतं, चंडकौशिक ऋषींनी आंबा दिला तो दोन्ही राण्यांनी अर्धा अर्धा खाल्ला आणि दोघींना अर्धं अर्धंच बाळ झालं, एक डोळा, एक हात, एक पाय असं. घाबरून ते तुकडे बाहेर टाकले. जरेने न्यायला सोपं जावं म्हणून ते एकत्र धरले तर जोडलेच गेले, बाळ मूठ तोंडात घालून जोरात रडायला लागलं! तिने ते राजाला परत दिलं. जरेने सांधलेला तो जरासंध. राक्षसीचं नाव राजाने आनंदाने पोराला दिलं, मला हे फार आवडतं.