भाषाशास्त्र घेऊन डॉक्टर होता येतं का?

एप्रिलचा शेवट ही आम्हा कॉलेज-प्रवेशाचा सल्ला देणाऱ्यांच्या धंद्यातली सुगी. १ मे ही इथे अमेरिकेत बहुतेक कॉलेजांची डिपॉझिट भरायची शेवटची तारीख, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरांत त्या दिवसांत जेवताना दुसरा विषय नसतो. असंच एक कुटुंब एडिसनहून आलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बाबा आयटीत, आई फार्मसिस्ट, मुलगी बारावीत. बसल्या बसल्या बाबांनी लॅपटॉप उघडला. एक्सेल शीटमध्ये चौदा कॉलेजं, एकवीस रकाने. शेवटचा रकाना हिरवा केलेला: ‘मेडिकलला किती टक्के गेले’.

‘‘ताई, दोनच गोष्टी सांगा. बायॉलॉजी मेजर, म्हणजे मुख्य विषय, नसेल तर हिला मेडिकलला कोण घेणार? आणि एवढ्या नावाच्या खाजगी कॉलेजात मिळालंय, ते सोडून रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात पाठवायचं?’’

मुलीला घ्यायचं होतं लिंग्विस्टिक्स, म्हणजे भाषाशास्त्र. दूरच्या नातेवाइकाच्या एखाद्या भानगडीचा उल्लेख करावा तसा बाबांनी तो शब्द उच्चारला.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. आपण ज्या वाटेने आलो तीच डोक्यात असते. बारावी, प्रवेश परीक्षा, एमबीबीएसची साडेपाच वर्षं. एकदा सीट मिळाली की घोडं गंगेत न्हालं. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. आणि प्री-मेड ही शाखा नाही, पदवी तर नाहीच. ती एक यादी आहे. साधारणपणे जीवशास्त्र, केमिस्ट्री, ऑर्गेनिक केमिस्ट्री, फिजिक्स, सगळं लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री, थोडं लेखन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र. ती पुरी केली की पदवी कशात आहे याची मेडिकल स्कूल अडवणूक करत नाही.

कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला. पदवीला १२० क्रेडिट. यादीची चाळीसच्या आसपास, मेजरची तेवढीच, उरलेली सगळ्यांना सक्तीच्या विषयांची. बसतं. बायॉलॉजीवाल्यांची यादी मेजरमध्येच बरीचशी उरकते, हिला दोन्ही ओढावं लागेल, हेही तिच्या तोंडावर सांगितलं.

मानव्यविद्यांच्या अर्जदारांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण बायॉलॉजीवाल्यांपेक्षा कमी नसतं, बहुतेक वर्षी थोडं जास्तच असतं. पण हे ऐकून लगेच इतिहासाला नाव घालू नका. त्या वाटेने जाणारे मुळात मोजके, आणि बहुधा पक्के ठरवून आलेले असतात.

आता तो हिरवा रकाना. काही कॉलेजं मेडिकलच्या अर्जासोबत समितीचं शिफारसपत्र देतात, आणि ज्यांचे मार्क बेताचे त्यांना ‘यंदा थांब’ म्हणून आधीच वळवतात. गाळून उरलेल्यांचे टक्के झकासच दिसणार. मी बाबांना म्हटलं, ‘‘पहिल्या वर्षी ‘मी प्री-मेड’ म्हणणारे किती होते, तो रकाना कुठाय?’’ ते थोडा वेळ स्क्रीनकडेच बघत राहिले.

दुसरं असं की मेडिकल स्कूलच्या सामाईक अर्जात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांची सरासरी वेगळी निघते. कॉलेज अवघड होतं म्हणून त्या आकड्यात कुणी सूट देत नाही. प्रवेश मिळालेल्यांची एकूण सरासरी ४ पैकी ३.८ च्या आसपास असते.

आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, ‘‘अगं, वही दाखव ना त्यांना.’’

दोनशे पानी, साताऱ्याहून आणलेली वही. आजीला अर्धांगाचा झटका आल्यापासून ही रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलते आणि चुकलेले शब्द टिपते. डावीकडे आजी काय म्हणाली, उजवीकडे तिला काय म्हणायचं होतं. ‘चमचा’, चष्मा. ‘जावई’, जाई. एका पानावर खाली लिहिलेलं: ‘शब्द चुकतो, पण चुकल्याचं आजीला कळतं. अभंग म्हणताना एकही चुकत नाही. का?’

बाबांनी ती वही पहिल्यांदाच पाहिली असावी. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चार-पाच पानं वाचली.

एरवी मी कौल देत नाही, त्या दिवशी दिला. रटगर्सचा भाषाशास्त्र विभाग नावाजलेला आहे, मेडिकल स्कूल त्याच परिसरात आहे आणि घर अर्ध्या तासावर. खाजगी कॉलेजचा खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात होता, आर्थिक मदत शून्य. पुढे मेडिकल स्कूलचं कर्ज सहज दोन लाखांवर जातं. त्याआधीच घर गहाण टाकायचं कशासाठी?

सगळं सुरळीत झालं म्हणाले तर खोटं ठरेल. पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्रीत सी प्लस. रात्री अकराला फोन, ‘‘मावशी, संपलं ना सगळं?’’ संपलं नव्हतं, पण तो ग्रेड पुसलाही जाणार नव्हता. विषय पुन्हा केला तरी अर्जात दोन्ही मोजतात. तिने केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस एकत्र घेतलं होतं, शिवाय प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या राखीव वेळेत, एकदाही गेली नव्हती. मग क्रम बदलला. ऑर्गेनिकच्या वर्षी जोडीला दुसरा लॅबचा विषय नाही, फिजिक्स तिसऱ्या वर्षावर. ऑर्गेनिकला बी प्लस आणि ए मायनस आले. अर्ज पदवीनंतर वर्षभराने करायचा, हेही तेव्हाच ठरलं. बाबांना ते वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं, अजूनही. मला नाही वाटत.

सध्या ती एमकॅटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करते आहे. लांबलचक उतारे वाचून उत्तरं द्यायचा जो भाग बाकीच्यांना रडवतो, तोच तिला सोपा जातो.

परवा बाबांचा मेसेज आला. धाकट्याला इकॉनॉमिक्स घ्यायचंय, कधी येऊ? खाली एक्सेल जोडलेलं होतं. हिरवा रकाना अजून आहे, शेजारी एक नवीन, रिकामा: ‘सुरुवातीला किती होते’.