वाचकांचे प्रश्न : चांदीचे नॅनोकण आणि मिलिमीटरभर सूत्रकृमी

प्रश्न : चांदीच्या नॅनोकणांची विषारकता सी. एलिगन्स या सूत्रकृमीवर तपासतो आहे. के-मिडियममध्ये (कृमींच्या चाचणीचे खारट द्रावण) लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा दिली, तरी कृमी मरत नाहीत. तळाशी मात्र करडा साका बसतो. कण निरुपद्रवी आहेत असे प्रबंधात लिहू का? (एम.एस्सी. विद्यार्थी, सांगली)

इतक्यात लिहू नका. तो साका म्हणजे तुमचेच कण आहेत. लिटरभर के-मिडियममध्ये ३ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि २.३६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. कृमीला हे मीठ मानवते, कणांना नाही. सायट्रेटचे आवरण असलेले कण सारख्याच ऋणभारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. क्षारांनी तो भार झाकला की गुठळ्या होऊन खाली बसतात. त्यात कणांतून सुटलेले चांदीचे आयन क्लोराइडशी जोडले जाऊन अडकतात. मग कृमीपर्यंत पोचले किती, हे कसे सांगणार?

कणांचे ताजे द्रावण पिवळसर दिसते आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषणाचे शिखर देते. के-मिडियममध्ये टाकल्यावर लगेच आणि २४ तासांनी तेच मोजा. शिखर बसले, रंग करडा झाला, तर ती चाचणी नॅनोकणांची राहिलीच नाही.

त्याऐवजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे (ईपीए) मध्यम कठीण पाणी वापरा : १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ९६, कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट ६०, मॅग्नेशियम सल्फेट ६० आणि पोटॅशियम क्लोराइड ४ मिलिग्रॅम. कॅल्शियम सल्फेट विरघळायला वेळ घेते, म्हणून ते वेगळ्या पाण्यात रात्रभर ढवळत ठेवा. २४ खणांच्या प्लेटमध्ये खणाला १ मिलिलिटर द्रावण, १० कृमी. प्रत्येक मात्रेला ४ खण. २० अंश सेल्सिअस, २४ तास.

खरी मेहनत तुलनेच्या खणांत आहे. नुसते पाणी हवेच. दुसरे, सिल्व्हर नायट्रेट (यात कण नाहीत, चांदीचे आयनच असतात), चांदीच्या त्याच मात्रांत. तिसरे, द्रावण ३ किलोडाल्टनच्या (कण अडवून आयन सोडणाऱ्या) गाळणीतून सेंट्रिफ्यूज करून मिळणारे, कणविरहित पाणी. हे गाळलेले पाणी मूळ द्रावणाइतकेच कृमी मारत असेल, तर दोष आयनांचा. कणांवर ठपका ठेवता येत नाही. त्यातली चांदी अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर (धातूचे प्रमाण मोजणारे यंत्र) मोजून घ्या. कडुनिंब किंवा तुळशीच्या अर्कातून कण केले असतील, तर चौथा खण त्या अर्काचा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रकल्पांत नेमका हाच राहून जातो, आणि अर्काचा परिणाम चांदीच्या नावावर जमा होतो.

चाचणी २४ तासांहून लांबवायची तर कृमींना खाऊ लागतो. कृमींचे नेहमीचे अन्न असलेले ओपी५० जिवाणू जिवंत घातले, तर चांदी आधी त्यांनाच मारते. त्यामुळे मात्रेनुसार अन्न कमी-जास्त होते आणि उपासमारीने खुंटलेली वाढ विषारकता वाटते. सर्व खणांत, तुलनेच्या खणांतही, उष्णतेने मारलेले जिवाणू सारख्या प्रमाणात घाला.

प्रश्न : एकाच वयाचे कृमी मिळवायला ब्लीच करतो (मोठे कृमी विरघळवून अंडी वेगळी काढतो), पण पिल्ले निघत नाहीत. (वाचक, नागपूर)

बहुधा ब्लीचमध्ये अंडी जास्त वेळ राहतात. पोटात अंडी असलेले कृमी ३.५ मिलिलिटर पाण्यात घ्या. ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ०.५ आणि ५ टक्के हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लीच) १ मिलिलिटर ऐनवेळी एकत्र करून त्यात घाला. दर दोन मिनिटांनी हलवून सूक्ष्मदर्शीखाली पाहा. घड्याळापेक्षा कृमीकडे लक्ष द्या : शरीरे फुटून अंडी बाहेर पडली की थांबा. १० मिनिटांपलीकडे जाऊ नका. लगेच सेंट्रिफ्यूज करून ब्लीच ओतून टाका आणि एम९ द्रावणाने (कृमींसाठीचे क्षारांचे पाणी) तीनदा धुवा. मग एम९मध्येच, खाऊ न देता, रात्रभर हलवत ठेवा. सकाळी सगळी पिल्ले पहिल्या अवस्थेत थांबलेली मिळतात. ब्लीचची बाटली महिनोन्‌महिने उघडी असेल तर उलटे होते : हायपोक्लोराइट निकामी होते आणि शरीरे फुटतच नाहीत.

प्रश्न : मेलेला कृमी आणि निपचित पडलेला कृमी कसा ओळखायचा? (वाचक, पुणे)

टूथपिकच्या टोकाला पापणीचा केस चिकटवा, अल्कोहोलने पुसा आणि त्याने कृमीच्या डोक्याला हलका स्पर्श करा. जिवंत असेल तर तो मागे सरतो, निदान डोके तरी हलवतो. मेलेला बहुधा काडीसारखा ताठ दिसतो, पण नुसत्या दिसण्यावर मोजू नका. तीनदा स्पर्श करूनही हलला नाही, तरच मृत धरा. केसाऐवजी तार घेऊन ती काचेवर घासत फिरवली तर कृमी फाटतो आणि तुमचीच चूक मृत्यूच्या रकान्यात जाते.