घाटावर तेलरंग: जलरंगाची सवय उलटी करताना

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: जलरंगात हात चांगला बसलाय, आता वाईजवळ कृष्णेकाठी मेणवलीच्या घाटावर बसून तेलरंगात स्थळचित्रं सुरू केलीत आणि तीन गोष्टी छळतात. हिरवे आणि सावल्या मळतात. तिथे उजळ वाटलेलं चित्र घरी आणल्यावर काळवंडलेलं दिसतं. आणि दोन तासांत सावल्या कुठच्या कुठे जातात.

यातली बरीचशी अडचण जलरंगाच्या सवयीतून येते. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरा, म्हणून आपण तो राखत राखत फिक्याकडून गडदाकडे जातो. तेलरंगात उजेड रंगानंच लावायचा असतो. त्यामुळे क्रम उलटा: गडद आधी आणि पातळ, उजेड शेवटी आणि जाड. हे वाचून सगळ्यांनाच पटतं, पण हात ऐकत नाही. आधी आभाळ, मग लांबचे डोंगर, मग झाडं आणि शेवटी सावल्या, याच क्रमानं तो चालत राहतो. सावली शेवटी लावायला जाल तेव्हा ती ओल्या पांढऱ्यावर पडते आणि तिथेच राखाडी होते.

आधी घरी काळवंडण्याबद्दल, कारण त्याचा रंग मिसळण्याशी फारसा संबंधच नाही. भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, घरातल्या खोलीत दोनतीनशे. बोर्डावर थेट ऊन पडत असेल तर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा उजळ दिसतो, डोळा दिपतो आणि आपण नकळत सगळं एक-दोन टोन (गडद-फिकेपणाच्या पायऱ्या) खाली मिसळतो. म्हणून बोर्ड आणि पॅलेट दोन्ही सावलीत आणि दोन्ही एकाच सावलीत हवेत. बोर्ड सावलीत आणि पॅलेट उन्हात, ही तर सगळ्यात वाईट अवस्था. पॅलेटवर जुळलेला रंग बोर्डावर जुळतच नाही. छत्री वापरत असाल तर पांढरी, करडी किंवा काळी घ्या. रंगीत छत्री स्वतःची छटा सगळ्या चित्रावर टाकते. भडक शर्टाचंही तेच, ओल्या रंगावर त्याची झाक पडते. ताणलेला कॅनव्हास असेल तर मागून येणारं ऊन कापडातून झिरपतं आणि चित्र खोटं उजळ दिसतं. मागे पुठ्ठा लावा. खरं तर बाहेरच्या कामाला कॅनव्हासपेक्षा हार्डबोर्ड किंवा एमडीएफचा तुकडा बरा, वाऱ्यानं फडफडत नाही.

आकार ९×१२ इंच पुरे, सुरुवातीला ८×१० सुद्धा चालेल. बोर्डाला अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या, आडवा-उभा-आडवा, आणि मागच्या बाजूलाही एक हात, नाहीतर पावसाळी हवेत बोर्ड वाकतो. शेवटच्या हातात थोडा अ‍ॅक्रिलिक यलो ऑकर मिसळा. पांढऱ्या बोर्डावर पहिला लावलेला प्रत्येक टोन गडद वाटतो आणि आपण भिऊन फिका करतो. मध्यम रंगाच्या बोर्डावर गडद-फिकं लगेच खरं दिसतं.

रंग सात पुरतात: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, कॅडमियम रेड, क्रिमझन, अल्ट्रामरीन ब्लू. काळा नेऊ नका. ट्यूबमधला हिरवाही निदान पहिले सहा महिने नको. पांढरा लहान लिंबाएवढा काढा, बाकीचे सुपारीएवढे. कंजूषपणानं काढलेल्या रंगात उजेडाचे जाड हात मारताच येत नाहीत, आणि मग माणूस टर्पेंटाइननं रंग ताणतो. ब्रश हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) चपटे, ८ नंबरचे दोन, ४ नंबरचे दोन. प्रत्येक आकारातला एक फक्त गडदासाठी, एक फक्त उजेडासाठी. एवढं पाळलंत तरी अर्धं मळणं थांबतं.

आता वेळ. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन तासांचं बैठं काम हेच मोठं काम. हिवाळ्यात साडेसात ते साडेनऊ, किंवा दुपारी चारनंतर. मे महिन्यात भर दुपारी जाऊच नका. महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली गोळा होतात आणि आकारच सापडत नाही.

बसल्यावर पहिली सात मिनिटं पेन्सिल. पुठ्ठ्यात ३×४ इंचांची खिडकी कापून ठेवा, ती ९×१२च्याच प्रमाणात असते. तिच्यातून बघून आगपेटीएवढं रेखाटन करा, फक्त तीन टोनमध्ये: सावली, मधलं, उजेड. सावल्यांचा नकाशा इथेच ठरतो आणि पुढे बदलत नाही. मग बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशनंच रेखन करा आणि त्याच मिश्रणानं पुढच्या वीस मिनिटांत सगळ्या सावल्या भरून टाका. झाडाखालची, भिंतीची, पायऱ्यांची, शक्य तिथे एकमेकींना जोडून. या थरात पांढरा अजिबात नाही. पुढे ऊन सरकलं तरी तुमच्या सावल्या बोर्डावर बसलेल्या असतात. तासाभरानं नवी सावली कितीही देखणी दिसली तरी तिला हात लावू नका. तिच्यासाठी दुसरा बोर्ड काढा.

त्यानंतर टर्पेंटाइनचं काम फक्त ब्रश धुण्यापुरतं. दुसऱ्या थरात टर्पेंटाइन घातलंत तर ते खालची सावली विरघळवून वर आणतं. रंग घट्ट वाटला तर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब, त्याहून जास्त नको. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा नियम उलटा झाला तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि पुढे चिरा पडतात.

हिरव्यांचं थोडं सविस्तर, कारण तुमची मुख्य तक्रार तीच आहे. हिरवा मळतो तो बहुतेक वेळा पांढऱ्यामुळे. झाड उजळ करायला आपण पांढरा घालतो, तो थंड आणि पिठूळ होतो, मग ऊब आणायला पिवळा, मग भडक वाटला म्हणून लाल, आणि चौथ्या रंगाला चिखल. त्याऐवजी पॅलेटवरच तीन ढीग आधी करून ठेवा. आंब्याच्या सावलीचा हिरवा: अल्ट्रामरीन दोन भाग, यलो ऑकर एक, बर्न्ट सिएना चिमूटभर. मधला: यलो ऑकर आणि लेमन मिळून दोन भाग, अल्ट्रामरीन एक. उन्हातला: लेमन यलोमध्ये अल्ट्रामरीन जेमतेम, ब्रशच्या कोपऱ्यावर मावेल इतकाच, आणि अगदी शेवटच्या चमकीपुरता पांढरा. सह्याद्रीचा पावसाळी हिरवा डोळ्यांना किंचाळतो, चित्रात तो तसाच घेतलात तर प्लास्टिक दिसतो. चिमूटभर क्रिमझननं त्याला खाली आणा. मागचे डोंगर मात्र हिरवे नाहीतच असं समजून चाला. अल्ट्रामरीन, पांढरा आणि किंचित क्रिमझन. लांबच्या डोंगरातली सगळ्यात गडद जागासुद्धा जवळच्या झाडाच्या सावलीपेक्षा बरीच फिकी असते.

घाटाच्या पायऱ्या बेसाल्टच्या, म्हणजे मनात काळ्या. डोळ्यांनी बघा. सकाळच्या उन्हातली पायरीची सपाट बाजू जवळजवळ आभाळाएवढी उजळ असते, उबदार करडी: पांढरा, थोडा ऑकर, कणभर अल्ट्रामरीन. उभी बाजू सावलीत निळसर. पाण्याच्या कडेची ओली पायरी कोरड्या पायरीपेक्षा दोन टोन गडद, आणि तिच्या कडेवर आभाळाची एक बारीक रेघ. हे तीन टोन बरोबर बसले की दगड आपोआप दगड दिसतो, सांधे काढायची गरज उरत नाही. उजेडाचा हात असा मारा: ब्रश कोरडा पुसा, रंग त्याच्या एका बाजूवर भरपूर उचला, ब्रश बोर्डाला जवळजवळ आडवा धरा, पायरीच्या लांबीचा एकच फटकारा, उचला, चिंधीवर पुसा. दुसऱ्या पायरीसाठी पुन्हा नवा रंग. त्याच जागेवर तिसऱ्यांदा ब्रश फिरला की खालची सावली वर येते. तसं झालंच तर वर रंग लादू नका. पॅलेट नाइफनं ती जागा खरवडा, चिंधीनं टिपा आणि नव्यानं लावा. तेलरंगाची ही मुभा जलरंगवाले विसरतात.

पाण्यातलं प्रतिबिंब एका वाक्यात: उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद, गडद वस्तूचं किंचित फिकं.

परत येताना दोन सारख्या आकाराचे बोर्ड रंगाची बाजू आत करून समोरासमोर धरा, चारही कोपऱ्यांत बुचाचा छोटा तुकडा ठेवा आणि बाजूनं क्लिपा लावा. पावसाचे थेंब पडले तर पुसू नका, टिपा. ओल्या तेलरंगावर पाणी मुरत नाही. घरी बोर्ड उजेडाच्या खोलीत वाळू द्या. बंद कपाटात जवसाचं तेल पिवळं पडतं. पातळ थर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो, पांढऱ्याचे जाड हात आठवडा-दोन आठवडे घेतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. वाळल्यावर सावल्या मंद, पांढुरक्या दिसल्या तर जेसोनं तेल शोषलंय; त्या जागेवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जादाचं टिपून घ्या. वॉर्निश सहा महिने ते वर्षभरानंतर.

एक गोष्ट मात्र जरूर पाळा. तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून पिशवीत किंवा डिकीत ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यातून उष्णता निघते, गोळ्यात ती अडकते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. खाण्याआधी हात साबणानं धुवा, कॅडमियम विषारी आहे. वापरलेलं टर्पेंटाइन कृष्णेत ओतू नका. बाटलीत दोन दिवस ठेवलंत की रंग तळाला बसतो, वरचं नितळ पुढच्या खेपेला पुन्हा वापरता येतं.